तीन हजारांची जॉयस्टिक, आठ महिने आणि अजिंक्यताऱ्यावर आदळलेलं सेस्ना

घरबसल्या कॉम्प्युटरवर विमान उडवतो, त्याचं सामान आधी सांगतो: मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर या खेळाची 2020 ची आवृत्ती, 16 जीबी रॅमचा लॅपटॉप आणि तीन हजारांच्या आतली, मूठ पिळली की रडर (विमानाचं नाक डावी-उजवीकडे वळवणारी शेपटीवरची फळी) फिरतो अशी जॉयस्टिक. वापर रोज रात्री जेवणं झाल्यावर तासभर.

वेड मात्र जुनं. सुट्टीत पुण्याला आत्याकडे गेलो की आत्येभावाच्या कॉम्प्युटरवर याच खेळाची जुनी आवृत्ती, एफएस 98, असायची. विमान उभं शिकागोच्या मेग्ज फील्ड विमानतळावर, शेजारी अथांग तळं, पलीकडे उंच इमारती. नंबरपॅडची बटणं बडवत उडायचं आणि दहा मिनिटांत त्याच इमारतींवर आदळायचं. लोहगावचा विमानतळ बघायच्या आधी मला शिकागोची धावपट्टी पाठ होती. ती खरी धावपट्टी तिथल्या महापौरांनी 2003 च्या मार्चमध्ये रातोरात उखडली, हे कळलं तेव्हा आजोळचा वाडा पाडल्यासारखं वाटलं.

मग नोकरी, लग्न. 2006 ची पुढची आवृत्ती, एफएसएक्स, आमच्या कॉम्प्युटरला झेपली नाही. 2009 मध्ये मायक्रोसॉफ्टने हा खेळ बनवणारा स्टुडिओच बंद केला आणि आम्हीही थंडावलो. 2020 मध्ये उपग्रहाच्या फोटोंवर अख्खी पृथ्वी उभी केलेली दिसली, तेव्हा परत ओढले गेलो. माझ्या ओळखीतल्या बहुतेकांचं असंच आहे. लहानपणी कुणाच्या तरी घरी चार वेळा पडलेले, मधे पंधरा वर्षं गायब, आणि आपलं गाव वरून दिसतंय म्हटल्यावर हजर.

गावाचंच सांगतो. लोहगावहून सेस्ना 172 हे छोटं विमान काढलं, 110 नॉटने (ताशी साधारण 200 किलोमीटर) हायवे धरून निघालं की अर्ध्या तासात सातारा. खंबाटकी ओलांडेपर्यंत 5000 फुटांवर होतो, घर शोधायला 3000 वर आलो आणि निवांत झालो. अहो, अल्टिमीटर उंची दाखवतो समुद्रसपाटीपासूनची, आणि सातारा शहरच 2400 फुटांच्या आसपास! अजिंक्यतारा 3300. डोंगर काचेत मावेना तेव्हा नाक वर ओढलं, वेग पडला, स्टॉलचा (वेग कमी पडून पंखांची उचल सुटतेय, असं सांगणारा) भोंगा वाजला आणि विमान मंगळाईच्या देवळाच्या अलीकडे कुठेतरी झोपलं. आई मागून म्हणाली, "किल्ल्यावर पायी जायला काय झालं होतं?"

किल्ल्याची तटबंदी म्हणजे जमिनीवर चिकटवलेला फोटो. कासचं पठार तपकिरी, फुलाचा पत्ता नाही. पण बामणोलीकडे वळणारं कोयनेचं पाणी संध्याकाळच्या उन्हात बघाच.

आता जॉयस्टिक. कीबोर्डचं बटण म्हणजे सगळं किंवा काहीच नाही. उतरताना लागतं ते केसभर ओढणं. 65 नॉट धरायचे, धावपट्टीवर आल्यावर थ्रॉटल (इंजिनची ताकद) बंद, नजर पट्टीच्या टोकाला, आणि मूठ हळूहळू मागे. कीबोर्डवर हे मला जन्मात जमलं नसतं. जॉयस्टिकवर जमायला तीन आठवडे लागले, तेही उड्या मारत.

पाचव्या महिन्यात कुरकुर सुरू झाली. हात न लावता विमान धावपट्टीवर डावीकडे पळायला लागलं. आत मूठ किती फिरली ते मोजणारा पोटेन्शिओमीटर असतो, तो घासून झिजतो नि खोटे आकडे पाठवतो. दुकानदार म्हणाला, "साहेब, जास्त वापरली असेल." (मग काय हार घालून ठेवायची होती?) शेवटी सेटिंगमध्ये डेडझोन (मुठीची मधली बारीक हालचाल न मोजण्याची जागा) वाढवला, काम भागलं.

नेटचंही बघून ठेवा. दृश्यं नेटवरून येतात, त्यामुळे पावसाळ्यात लाइन गेली की सातारा शिळ्या पिठल्यासारखा दिसतो. डिस्कवर 150 जीबी मोकळी लागते. जुना कॉम्प्युटर असेल तर फ्लाइटगिअर फुकट आहे, चित्रं साधी पण उडणं शिकता येतं. भारीतल्या ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागू नका, आधी जॉयस्टिक घ्या.

2024 ची आवृत्ती अजून घेतली नाही. गेल्या आठवड्यापासून रडर पुन्हा ओढतोय, तेव्हा पैसे आधी तिकडे. या वेळी हॉल सेन्सरवाली. ती चुंबकावर चालते, आत घासायला काही नसतं.