जुना गोवा ट्रान्स: जसाच्या तसा लावायचा, रीमास्टर घ्यायचा की कापायचा?

सावंतवाडीचा एक पोरगा गेल्या सीझनपासून मोरजीच्या एका शॅकवर संध्याकाळचा सेट वाजवतो. परवा त्याचा फोन आला, "दादा, 1995 चा गोवा ट्रान्सचा ट्रॅक आहे, नऊ मिनिटांचा. तसाच लावू, रीमास्टर घेऊ की कापून घेऊ? लोकं उठून जाणार नाहीत ना?" (रीमास्टर म्हणजे जुन्याच ट्रॅकचा आवाज नव्याने बसवून काढलेली प्रत.) फोनवर हो-नाही म्हणून सुटण्यासारखं हे प्रकरण नाही. शिवाय हाच प्रश्न दर डिसेंबरात कोणीतरी विचारतंच, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. गोवा ट्रान्स म्हणजे नव्वदच्या दशकात गोव्याच्या किनाऱ्यावरच्या पार्ट्यांत घडलेलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि हा ट्रॅक ज्या पद्धतीने वाजवण्यासाठी बनला, ती पद्धतच वेगळी होती. नव्वदच्या दशकात हणजूण-वागातोरला डीजे डॅटवर, म्हणजे डिजिटल ऑडिओ टेपवर, वाजवायचे. विनाइल, म्हणजे तबकडी, इथल्या उन्हात वाकतं, धूळ खातं. डॅटची कॅसेट खिशात मावते आणि आवाज सीडीच्या तोडीचा. पण बहुतेक डॅट मशीनवर वेग कमीजास्त करायची सोय नव्हती, त्यामुळे बीट जुळवून मिक्स करण्याचा प्रश्नच नव्हता. एक ट्रॅक पूर्ण संपायचा आणि त्याच्या विरत जाणाऱ्या शेवटावर पुढच्याची सुरुवात चढायची. ती लांबलचक प्रस्तावना, मधला बिनकिकचा (किक म्हणजे ढोलाचा खालचा जाड ठोका) मोठा पट्टा, सावकाश मावळणारा शेवट, हे सगळं त्या पद्धतीत फिट्ट बसायचं. या संगीताचे आद्य डीजे गोवा गिल (2023 मध्ये गेले) तर जग पेनड्राइव्हवर आल्यानंतरही डॅट वाजवत राहिले.

दुसरा बदल घड्याळाचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर लाउडस्पीकर बंद. त्यामुळे पहाटे उजाडताना लावायचे जे सुरेल 'मॉर्निंग' ट्रॅक होते, ते आता सूर्य बुडताना वाजतात. मारव्याच्या वेळेला भैरवी. गवयाला हे खपणार नाही, पण किनाऱ्यावर खपतं. उजेड वाढतोय की कमी होतोय, एवढाच फरक, आणि दोन्ही वेळा माणसं समुद्राकडेच बघत असतात.

आता एकेक पर्याय.

मूळ ट्रॅक तसाच लावण्याच्या बाजूने सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्यातला श्वास. लॅपटॉपवर नव्या आणि जुन्या ट्रॅकची लाट एकाखाली एक ठेवून बघा. नवी म्हणजे गुळाची ढेप, वरपासून खालपर्यंत भरलेली. जुनीत चढ-उतार दिसतात, मधे मोकळी जागा दिसते. कानालाही तोच फरक कळतो, आणि चार तासांच्या सेटमध्ये थकलेल्या कानांना ती मोकळी जागा हवी असते.

अडचण पण तिथेच. नव्या ट्रॅकशेजारी जुना पाच-सहा डेसिबलने सहज हळू वाजतो. ट्रिम, म्हणजे मिक्सरवर ट्रॅकची पातळी ठरवणारं बटण, वाढवून ते भरून काढता येतं, फक्त ते हेडफोनमध्ये ऐकून आणि मीटर बघून आधीच करा, फेडर (आवाज लोकांपर्यंत सोडणारी पट्टी) वर गेल्यावर नाही. ट्रिमने भरत नाही तो खालचा बास. आजच्या किकला पोटात बसणारा जो तळ असतो, तो जुन्या किकमध्ये बहुतेक वेळा नाहीच. तिथे 'लो'चं, म्हणजे खालच्या आवाजाचं, बटण वाढवलं की गढूळपणा वाढतो, वजन नाही. म्हणून आजच्या जाड ट्रॅकला चिकटून जुना लावूच नका. मधे किक नसलेलं मिनिटभर काहीतरी जाऊ द्या. कान मागचा बास विसरतो आणि जुना ट्रॅक आपल्या मापाने उभा राहतो.

एकदा मी याच बाबतीत चांगला तोंडावर आपटलो. किनाऱ्यावरचीच एक जागा, सिस्टम मोनो जोडलेली, म्हणजे डावा-उजवा आवाज एकत्र केलेली, आणि मी न विचारता एक जुना ट्रॅक लावला. डावी-उजवीकडे फिरणारी मुख्य लीड, म्हणजे वरची सुरावट, मोनोत स्वतःलाच खाऊन टाकत होती. स्पीकरमधून फक्त किक आणि हायहॅट. मी हेडफोनमध्ये स्टिरिओ ऐकत मान डोलावतोय आणि समोरचे वेटरकडे बघतायत. साउंडवाल्याने येऊन खांद्यावर हात ठेवला, तेव्हा कळलं. तेव्हापासून जुनी फाइल घरी मोनो करून ऐकल्याशिवाय पेनड्राइव्हवर टाकत नाही.

वेगाचं गणितही समजून घ्या. तुमचा सेट 137 बीपीएमवर (मिनिटाला 137 ठोके) चाललाय आणि ट्रॅक 145 चा आहे. तेवढा खाली ओढला तर साडेपाच टक्के फरक, म्हणजे जवळजवळ एक अर्धस्वर. काळी चारमधला ट्रॅक पांढरी पाचवर येतो. पेटीवर बसलेल्याला हे सांगायला नको, डीजेला मात्र सांगावं लागतं. मास्टर टेम्पो हे बटण चालू केलं तर वेग बदलूनही पट्टी जागेवर राहते, पण किकची धार बोथट होते. माझा कल मास्टर टेम्पो बंद ठेवून पट्टी उतरू देण्याकडे असतो. त्या ऍसिड लाइन्स (सिंथच्या वळवळत्या सुरावटी) थोड्या खाली उतरल्या की उलट जास्त घोगऱ्या आणि छान लागतात. दहा-बारा बीपीएम ओढायची वेळ आली तर मात्र ट्रॅकच बदला.

रीमास्टरबद्दल लोकांचा समज असा की जुनं अधिक स्वच्छ म्हणजे रीमास्टर. काही तसे असतातही. मूळ डॅटवरून नीट काढलेले, खरखर नाही, वेग डगमगत नाही. बँडकँप या संगीत विकणाऱ्या साइटवर असं बरंच मिळतं, त्या काळी कधी बाहेरच न आलेले ट्रॅकसुद्धा. पण अनेक रीमास्टर म्हणजे त्याच जुन्या ट्रॅकची ढेप केलेली. आवाज मोठा, दऱ्या बुजवलेल्या, आणि तळाचा बास मुळात नव्हताच तो नाहीच. विकत घेण्याआधी मधला शांत भाग ऐका. तिथे पण सगळं अंगावर येत असेल तर पैसे वाचवा. तुमच्याकडचा मूळ ट्रॅक कोणीतरी विनाइलवरून काढलेला असेल तर प्रश्नच नाही, रीमास्टर घ्या. विनाइलवरून काढलेल्या फाइलची बीटग्रिड (ठोके कुठे पडतात याची सॉफ्टवेअरने आखलेली जाळी) सातव्या मिनिटापर्यंत सरकलेली असते आणि मिक्स करताना ती तुमची पुरती दमछाक करते. जुन्या 128 केबीपीएस एमपीथ्रीची तर गोष्टच नको. घरच्या स्पीकरवर चालते, मोठ्या सिस्टमवर हायहॅट पत्र्यासारखे वाजतात.

स्वतःचा एडिट, म्हणजे ट्रॅक आपणच कापून जुळवणं, हा माझा आवडता पर्याय. यावर काही जुनी मंडळी नाक मुरडतात. गोव्यात राहून संगीत नाटकाचा इतिहास ठाऊक असलेल्याने तरी मुरडू नये. रात्र-रात्र चालणारी नाटकं तीन तासांत आलीच ना? पदं राहिली, वन्स मोअर कमी झाले. एडिटमध्येही तेच: सुरुवातीला 32 बीटची साधी किक जोडा म्हणजे मिक्सला जागा मिळते, प्रस्तावना अर्ध्यावर आणा, दोनदा येणारा तोच चढ एकदाच ठेवा. नऊ मिनिटांचे साडेसहा झाले तर पुरे. जुन्या किकवर नवी किक चढवायचा मोह मात्र टाळा. दोन्ही कधी एकमेकींना मारतात, कधी फुगवतात, आणि ताळमेळ बसवण्यात रविवार जातो. सॉफ्टवेअरमधल्या स्टेम्सवरही फार भरवसा नको. गाणं आणि ढोल वेगळे करायला ती सोय चांगली आहे. इथे सोळा आवाज एकमेकांत विरघळलेले असतात, वेगळं काढायला गेलं की भुसा हातात येतो.

मधल्या बिनकिकच्या पट्ट्यावर कात्री चालवताना मी आता जपून चालवतो, आणि त्याला कारण आमची पेडण्याची मावशी. त्या काळात ती वागातोरच्या पार्ट्यांत चटई टाकून चहा-ऑम्लेट विकायची. समोर रॉकेलचा दिवा, मागे स्पीकर. ट्रॅकचं नाव एकही माहीत नाही, पण कान तयार. एकदा तिच्यासमोर माझा एडिट लावला. ऐकता ऐकता म्हणाली, "मधलां खंय गेलां रे?" मी विचारलं, तुला कसं कळलं? तर म्हणाली, तेवढ्यातच तर लोकं येऊन चटईवर टेकायची, तिचे सगळे चहा त्याच मिनिटाला खपायचे. तो पट्टा नाचणाऱ्यांना बसवण्यासाठी होता. आज चटया नाहीत, पण शॅकवर माणसं टेबलाकडे वळतातच, आणि मालकाला ती वळलेली हवीच असतात. तेव्हा दीड मिनिटाचं पाऊण मिनिट करा, शून्य नको.

आजच्या कोणा निर्मात्याने केलेला रीमिक्स हा चौथा पर्याय. आवाज आजचा, बास आजचा, मिक्सला सोपा, आणि ऐंशी टक्के वेळा मूळच्या चार ओळी घेऊन बाकी कोणताही ट्रॅक असावा तसा. रात्री अकराला बंदिस्त क्लबमध्ये, समोर विशीतली गर्दी असेल आणि तुम्हाला धोका नको असेल, तर लावा. तेवढंच त्याचं काम.

तर सावंतवाडीकरा, तुझा सेट पाच ते दहाचा आहे. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास बुडतो. तो नऊ मिनिटांचा ट्रॅक पावणेसहाला, मूळचा, अख्खा लाव. त्या वेळी लोकं तशीही हलत नाहीत. साडेआठनंतर दुसरा एखादा जुना घ्यायचा असेल तर तो एडिट करून घे. शेवटच्या पंधरा मिनिटांत जुनं काही नको, कारण दहाला दोन मिनिटं कमी असताना मालक येऊन आवाज कमी करायला लावणार आणि तुझा शेवटचा चढ अर्ध्यात लटकणार. आणि चारला जाऊन साउंडवाल्याला विचार, सिस्टम मोनो आहे की स्टिरिओ.