ऑटोकॅडमधलं लाइनवेट: काही महिन्यांच्या रोजच्या वापरानंतर

ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये रेषेची जाडी, म्हणजे लाइनवेट, ठरवायची सोय भक्कम आहे, पण ती चार ठिकाणी विखुरलेली आहे: लेयर (रेषांचा गट), वस्तूची प्रॉपर्टीज, पॉलिलाइनची (सलग जोडलेल्या रेषेची) विड्थ आणि प्लॉट स्टाइल (छपाईचे नियम). यातलं कोण कुणावर मात करतं हे पक्कं कळेपर्यंत प्रिंट मनासारखी येत नाही. कळल्यावर मात्र हे साधन फार भरवशाचं आहे. अट एकच, जाडी सुट्या रेषेला द्यायची नाही, लेयरला द्यायची.

'एलए' कमांडने लेयर मॅनेजर उघडून लाइनवेटच्या रकान्यात क्लिक केलं की 0.00 पासून 2.11 मिमीपर्यंत ठरावीक 24 मापं दिसतात. सगळी वापरायची गरजच नाही. आयएसओ 128 ची मालिका, म्हणजे 0.13, 0.18, 0.25, 0.35, 0.50, 0.70, पुरून उरते. यात प्रत्येक माप आधीच्याच्या साधारण 1.4 पट आहे. कागदाचे ए आकारही याच पटीत असल्याने ए1 चं ए2 केलं तर 0.50 ची रेषा 0.35 ची होते आणि तरतमभाव टिकतो. पण शेजारशेजारची मापं कागदावर डोळ्यांना वेगळी वाटत नाहीत, म्हणून एक सोडून एक घ्यावीत. कापलेल्या भिंतीला 0.50, दिसणाऱ्या कडांना 0.25, हॅचला (आतल्या भरणरेषांना) 0.13 हा मेळ चांगला बसतो. मापरेषांना 0.18 चालतं.

'डिफॉल्ट' असं लिहिलेला एकही लेयर ठेवू नये. डिफॉल्ट म्हणजे मुळात 0.25, पण ते मूल्य ड्रॉइंगमध्ये नाही, त्या त्या कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये साठवलेलं असतं. दुसऱ्याने आपल्याकडे ते बदललं असेल तर तीच फाइल तिथे वेगळ्या जाडीची छापली जाते आणि फाइलमध्ये कितीही शोधलं तरी कारण सापडत नाही.

आता स्क्रीनबद्दल. जाडी दिसतच नसेल तर स्टेटस बारवरचं लाइनवेटचं बटण बंद असतं. नव्या आवृत्त्यांत ते लपवलेलं असतं, उजव्या टोकाच्या तीन आडव्या रेघांच्या मेन्यूतून बाहेर काढावं लागतं. बटण चालू केलं तरी मॉडेल स्पेसमधल्या (जिथे ड्रॉइंग काढतो तिथल्या) जाडीवर विसंबू नये. तिथे जाडी पिक्सेलमध्ये दाखवतात, 0.25 आणि त्याखालचं सगळं एकाच पिक्सेलचं दिसतं, आणि झूम केलं तरी रेषा जाड होत नाही. लेआउटमध्ये (छापायच्या कागदाच्या मांडणीत) मात्र ती खऱ्या मापाने दिसते आणि झूमबरोबर वाढते. लाइनवेट सेटिंग्जमधला डिस्प्ले स्केलचा स्लायडर फक्त स्क्रीनपुरता आहे, त्याचा प्रिंटशी काही संबंध नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो सीटीबीमुळे, म्हणजे रंगावरून छपाईची जाडी ठरवणाऱ्या प्लॉट स्टाइलच्या फाइलमुळे. लेयरला 0.50 दिलंय, लेयरचा रंग लाल आहे आणि सीटीबीत लाल रंगासमोर 0.18 लिहिलंय, तर कागदावर 0.18 च येणार. लेयरची जाडी चालवायची असेल तर सीटीबीच्या एडिटरमध्ये सगळे रंग निवडून लाइनवेटसमोर 'यूज ऑब्जेक्ट लाइनवेट' करावं. प्लॉटच्या खिडकीत 'प्लॉट विथ प्लॉट स्टाइल्स' टिक केलेलं असताना शेजारचं 'प्लॉट ऑब्जेक्ट लाइनवेट्स' फिकं पडतं. तो बिघाड नाही, निर्णय सीटीबीकडे गेला एवढाच त्याचा अर्थ.

त्याच खिडकीतल्या 'स्केल लाइनवेट्स'कडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. ए1 चा लेआउट तपासणीसाठी ए3 वर काढला की सगळं निम्मं होतं, पण हे टिक केलेलं नसेल तर जाडी आहे तेवढीच राहते. हॅचच्या 0.25 जाडीच्या रेषा ए1 वर 1 मिमी अंतराने असतील तर ए3 वर त्या अर्ध्या मिमीवर येतात, जाडी 0.25 च राहिली की निम्मा भाग काळा होतो आणि भिंतीतलं काहीच वाचता येत नाही. टिक केलं तर 0.13 ची रेषा 0.065 होते. 600 डीपीआयच्या प्रिंटरवर एक ठिपका सुमारे 0.042 मिमीचा असतो, म्हणजे ती जेमतेम दीड ठिपक्याची उरते. म्हणून ए3 वरही नेमाने छापायचं असेल तर हॅचला 0.18 द्यावं.

पॉलिलाइनची विड्थ ही वेगळीच गोष्ट आहे. ती ड्रॉइंगच्या एककात असते. मिमीमधल्या ड्रॉइंगमध्ये 50 ची विड्थ 1:100 ला अर्धा मिमी छापली जाते, 1:50 ला पूर्ण एक. शिवाय विड्थ शून्य नसेल तर लाइनवेट चालतच नाही. लेयर बदलूनही रेषा हटत नसेल तर आधी प्रॉपर्टीजमध्ये 'ग्लोबल विड्थ' पाहावी आणि ती शून्य करावी.

अक्षरांचंही तसंच. एसएचएक्स (ऑटोकॅडचा रेषांनी बनलेला) फाँट लाइनवेट घेतो, ट्रूटाइप (विंडोजचा नेहमीचा फाँट) घेत नाही. एसएचएक्स अक्षरांची जाडी उंचीच्या दहाव्या भागाइतकी असावी: 2.5 मिमीच्या अक्षराला 0.25. त्याच अक्षराला 0.50 दिलं की 8 आणि 6 ची पोटं भरून जातात आणि मापं चुकीची वाचली जातात.

बाहेरून आलेल्या फाइलमध्ये जाडी वस्तूवस्तूला दिलेली असते, ब्लॉकच्या (एकत्र बांधलेल्या वस्तूंच्या) आतही. त्यावर 'सेटबायलेयर' ही वस्तूंना पुन्हा लेयरप्रमाणे करणारी कमांड अगदी उत्तम उपाय आहे. कमांड देऊन आधी सेटिंग्जमध्ये फक्त लाइनवेट ठेवावं, नाहीतर रंग आणि लाइनटाइपही लेयरप्रमाणे बदलतात. मग वस्तू निवडाव्यात. 'इन्क्लूड ब्लॉक्स' विचारलं की होय म्हणावं. बायब्लॉकचं (ब्लॉकप्रमाणे असलेल्याचं) बायलेयर (लेयरप्रमाणे) करायचं का, याला मात्र विचार करून उत्तर द्यावं. एकच ब्लॉक वेगवेगळ्या लेयरवर मुद्दाम वेगळा दिसावा म्हणून तसा बनवलेला असतो.

पीडीएफमध्ये बारीक रेषा अचानक जाड दिसल्या तर अ‍ॅक्रोबॅट रीडरच्या पेज डिस्प्लेमधलं 'एनहान्स थिन लाइन्स' बंद करून पुन्हा पाहावं. ड्रॉइंग बहुतेक वेळा बरोबरच असतं.