निंबोळी अर्काचा एक हंगाम : दोन एकर पऱ्हाटीतला अनुभव

2017च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. आमच्या शेतात पंप मारायला येणारे एक दादा त्यात होते. ते वाचले, पण आठवडाभर त्यांना समोरचं माणूस धड दिसत नव्हतं. त्यांच्या घरी भेटायला गेलो तेव्हाच ठरवलं होतं, की यातून काहीतरी वाट काढायची. प्रत्यक्षात ती काढायला बरीच वर्षं लागली. गेल्या खरिपात चार एकर पऱ्हाटीपैकी (म्हणजे कपाशीपैकी) दोन एकरांवर फक्त कडुनिंब वापरला आणि उरलेल्या दोन एकरांवर नेहमीची रासायनिक औषधं. हा त्या सहा महिन्यांचा अनुभव आहे.

सुरुवात चुकली. जुलैच्या शेवटी तुडतुडे (पानांतला रस शोषणारी छोटी कीड) दिसू लागले, तेव्हा शेजारच्या काकांकडे पोत्यात निंबोळ्या पडून होत्या, त्या कुटून अर्क काढला. काहीच फरक पडला नाही. चौथ्या दिवशी पानांच्या कडा वळलेल्याच. गावातले म्हणाले, "सांगितलं होतं ना, पाणीच मारतोस तू." नंतर कळलं की त्या निंबोळ्या आदल्या वर्षीच्या होत्या. तीन ते आठ महिन्यांच्या निंबोळ्याच वापरायच्या असतात. त्यापेक्षा जुन्या झाल्या की आतलं ॲझाडिरेक्टिन, म्हणजे किडीवर काम करणारं द्रव्य, कमी होत जातं. अर्क बाहेरून मात्र तसाच दिसतो, वासही तोच. म्हणून "मी करून पाहिलं, काही होत नाही" असं सांगणाऱ्याला मी आता आधी विचारतो, निंबोळ्या कधीच्या होत्या?

इथे एक अडचण आहे, ती कुणी सांगत नाही. आपल्याकडे निंबोळ्या पिकून पडतात जूनच्या आसपास, आणि रसशोषक किडी येतात जुलै-ऑगस्टमध्ये. तेव्हा नव्या निंबोळ्या तीन महिन्यांच्या झालेल्या नसतात आणि जुन्या संपलेल्या असतात. मधला काळ मी दुकानातल्या 10000 पीपीएमच्या (दहा लाख भागांत ॲझाडिरेक्टिनचे 10000 भाग) कडुनिंबाच्या बाटलीवर काढला, लिटरभर पाण्याला 2 ते 3 मिली. पहिली बाटली घेताना उत्पादनाची तारीख पाहिली नव्हती. घरी येऊन पाहिली तर मुदत संपायला महिना राहिलेला. तिचा परिणाम फिका होता. दुसरी ताजी घेतली, ती चांगली चालली. पीपीएमचा आकडा आणि तारीख, दोन्ही दुकानातच वाचून घ्या. 300, 1500 आणि 10000 यांचं प्रमाण वेगवेगळं असतं. एकाचं माप दुसऱ्याला लावलं की पैसे वाया.

ऑगस्ट संपता संपता घरचा अर्क सुरू केला. शंभर लिटरला 5 किलो निंबोळ्यांची भरड, रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी वस्त्रगाळ करायची, 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळ्या पाण्यात विरघळवून त्यात मिसळायचा. एकदा गाळण्यात कंटाळा केला तर नोझल चार वेळा चोंदलं. कागदावर हे सोपं वाटतं. पण एकरी दोनशे लिटर पाणी धरा: दोन एकरांच्या एका फवारणीला 20 किलो वाळलेल्या निंबोळ्या लागतात. तीन फवारण्यांसाठी आई आणि दोन बाया जूनभर धुऱ्यावरच्या झाडांखाली वेचत होत्या. गर त्याच दिवशी काढून, धुऊन, सावलीत वाळवायचं. एक पोतं ओलसर राहिलं, त्याला बुरशी आली, ते फेकलं. याला "बिनखर्चाची शेती" म्हणणाऱ्यांनी या बायांची मजुरी धरलेली नसते.

फवारणी संध्याकाळीच. ॲझाडिरेक्टिन उन्हात टिकत नाही, आणि आमच्या विहिरीच्या अल्कधर्मी (जास्त पीएचच्या) पाण्यात तर कालवून ठेवलं की उतरतच जातं. कालवलं की त्याच दिवशी संपवायचं.

आणि थांबायला शिकावं लागतं. रासायनिक औषधाने दुसऱ्या दिवशी किडी खाली पडलेल्या दिसतात. इथे दुसऱ्या दिवशी सगळं जिथल्या तिथे. मी घाबरून रासायनिक औषध कालवायला निघालो होतो. पण कडुनिंब मारत कमी आणि अडवत जास्त: किडीची खाण्याची इच्छा जाते, पिल्लांची कात टाकायची क्रिया बिघडते, मादी अंडी घालायला कचरते. पाचव्या-सहाव्या दिवशी पानं उलटून पाहिली तर तुडतुड्यांची पिल्लं ठळक कमी झाली होती. मोठे मात्र उडत होते.

हे मी अंदाजाने सांगत नाही. तीन तासं (पिकाच्या ओळी) काहीही न फवारता पूर्ण कोरी ठेवली होती, आणि सहा तासांवर नुसतं साबणाचं पाणी मारलं होतं. हे सुचलं एका अभ्यासामुळे. मरे आयझमन आणि मायकेल ग्रिनायझन या संशोधकांनी 2014 साली वनस्पतीजन्य कीटकनाशकांवरचे वीस हजारांहून जास्त शोधनिबंध तपासले. 1980 साली असे 61 निबंध निघाले होते, 2012 साली 1207. म्हणजे जगभर या विषयाला उधाण आलंय. पण 2011च्या निबंधांतून निवडलेल्या 197 निबंधांपैकी फक्त एक तृतीयांशांत अर्कात नेमकं काय आणि किती आहे याचा काही तपशील होता, आणि जेमतेम पाव निबंधांत नेहमीच्या औषधाशी तुलना केलेली होती. वाचून मला आमचा दशपर्णी अर्क (दहा झाडांच्या पाल्याचा) आठवला. पिंपात काय टाकलं ते सगळ्यांना पाठ, पण त्यात कशाने काम केलं ते कुणालाच सांगता येत नाही.

साबणाच्या तासांनी मला धडा दिला. तिथला मावा निंबोळीच्या तासांइतकाच कमी झाला होता! मग माव्याचं श्रेय मी निंबोळीला कसं देऊ? तुडतुड्यांवर मात्र नुसत्या साबणाचा काही उपयोग झाला नाही, तिथे निंबोळीच चालली. कोरी तासं नसती तर पावसाने कमी झालेली कीडसुद्धा मी अर्काच्या नावावर लिहिली असती.

मित्रकिडींचा, म्हणजे पिकावरची कीड खाणाऱ्या किड्यांचा, फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता. रासायनिक दोन एकरांत ढालकिडे शोधावे लागत. निंबोळीच्या बाजूला ते आणि कोळी सहज दिसायचे. फुलांवर मधमाश्या होत्या.

गुलाबी बोंडअळीपुढे मात्र कडुनिंब तोकडा पडला. अळी एकदा बोंडात शिरली की अर्क तिच्यापर्यंत पोचतच नाही. कामगंध सापळ्यात (मादीच्या वासाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग तीन दिवस आठ-आठ पतंग आले तेव्हा, ऑक्टोबरमध्ये, या दोन एकरांवरही शिफारशीचं रासायनिक औषध एकदा मारलं. मास्क, चष्मा, हातमोजे घालून, वाऱ्याची दिशा पाहून. याची मला लाज वाटत नाही. आधीच्या वर्षी याच रानावर पाच रासायनिक फवारण्या झाल्या होत्या, या हंगामात ही एकच.

आता संशोधन कुठे चाललंय ते मी उत्सुकतेने पाहतो. सेवंतीच्या जातीच्या फुलांतलं पायरेथ्रिनही असंच उन्हात विरायचं. इंग्लंडच्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रात मायकेल इलियट यांच्या चमूने 1973 साली उन्हात टिकणारं परमेथ्रिन केलं, आणि पायरेथ्रॉइड औषधं शेतात आली. सायपरमेथ्रिन त्याच घराण्यातलं. म्हणजे रासायनिक औषधाचं मूळ एका फुलात, आणि टिकाऊ झाल्यावर मित्रकिडीही मरायला लागल्या. ॲझाडिरेक्टिनचा रेणू इतका गुंतागुंतीचा आहे की केंब्रिजमध्ये स्टीव्हन ले यांच्या गटाला तो प्रयोगशाळेत घडवायला 22 वर्षं लागली, 2007 साली तो झाला. कारखान्यात तो परवडणार नाही, झाडच लागणार. म्हणून आता सूक्ष्म कवचात बंद करून, नॅनो इमल्शन (अतिसूक्ष्म थेंबांचं मिश्रण) करून तो पानावर जास्त दिवस टिकवायचे प्रयोग चालू आहेत. मला ते हवंय, पण ढालकिड्यांवर त्याचा काय परिणाम होतो हे मोजून मगच हवंय.

वनस्पतीचं म्हणजे निर्धोक, असं समजणाऱ्यांची मला काळजी वाटते. तंबाखूतलं निकोटिन माणसालाही घातक आहे. कन्हेर, धोतरा पिंपात टाकून उघड्या हाताने ढवळणारे मी पाहिलेत. निंबोळी अर्क फवारतानाही आम्ही तोंडाला रुमाल आणि डोळ्यांना चष्मा लावतो.

वेचणीत दोन्ही बाजूंचा कापूस जवळपास सारखा निघाला, निंबोळीकडचा थोडा कमी. मजुरी धरूनही औषधाचा खर्च कमी आला.

येत्या जूनसाठी ताडपत्री घेऊन ठेवली आहे. पोत्यांवर या वेळी निंबोळ्या वेचल्याची तारीख लिहायची, असं आईने सांगितलंय. कोरी तासं गेल्या वेळी नाल्याकडे होती; आता ती रस्त्याकडच्या बाजूला ठेवणार, म्हणजे येणाजाणाऱ्यांनाही पानं उलटून पाहता येतील. पंप मारायला तेच दादा येणार आहेत.