शेअरएक्स आणि एक्सबॅकबोन: स्क्रीनशॉट आपल्याच सर्व्हरवर

अमळनेरच्या आडत दुकानांना आणि धुळ्यातल्या काही कापडवाल्यांना मी बिलिंग सॉफ्टवेअरचा सपोर्ट देते. फोनवर प्रश्न ठरलेला: "ताई, ते बटन कोठे शे?" तोंडी सांगत बसण्यापेक्षा स्क्रीनशॉटवर बाण काढून पाठवलेला बरा. पण चॅटवर टाकलेलं चित्र दाबलं जातं आणि एचएसएन कोडात ३ आहे की ८, तेच कळेनासं होतं. फुकटच्या इमेज साइटवर गिऱ्हाइकाची उधारी चढवायला तर माझा हात धजत नाही.

म्हणून विंडोजवर स्क्रीनशॉट काढून पाठवणारं शेअरएक्स आणि भाड्याच्या लिनक्स सर्व्हरवर ते साठवून लिंक देणारं एक्सबॅकबोन. दोन्ही फुकट आणि ओपन सोर्स. एक्सबॅकबोन पीएचपी भाषेतलं आहे, एका फाइलीत मावणाऱ्या एसक्यूलाइट डेटाबेसवर चालतं, म्हणजे वेगळ्या डेटाबेस सर्व्हरचा पसारा नाही.

जोडणीला मात्र मनापासून दाद. एक्सबॅकबोनमधल्या आपल्या प्रोफाइलमधून शेअरएक्सची एसएक्ससीयू (सेटिंगची) फाइल उतरवायची, डबल क्लिक करायचं, 'हाच अपलोडर वापरू का' विचारलं की हो म्हणायचं. फाइल नोटपॅडमध्ये उघडलीत तर आत साधं जेसन (वाचता येईल अशी सेटिंगची यादी) दिसेल: चित्र कुठे पाठवायचं, टोकन (खात्याची गुप्त किल्ली) कोणतं, उत्तरातून लिंक कुठून उचलायची. आता कंट्रोल-प्रिंटस्क्रीन दाबून चौकोन ओढला की लिंक क्लिपबोर्डवर हजर. टोकन त्या फाइलीतच असल्यामुळे ती ग्रुपवर फिरवू नका. हाताखालच्या पोराला वेगळं खातं काढून द्या.

खरी डोकेदुखी मोठ्या चित्रांची. छोटे तुकडे सुरळीत जातात, मोठ्या मॉनिटरचा अख्खा स्क्रीन पाठवला की ४१३, म्हणजे 'फाइल फार मोठी' हा एरर. दोष शेअरएक्स-एक्सबॅकबोन दोघांचाही नाही. मधला वेब सर्व्हर एनजिनएक्स मुळात १ एमबीच्या वर काही घेत नाही. तिथे 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' ही सेटिंग वाढवावी लागते. तेवढ्यानेही भागत नाही, कारण पुढे पीएचपी एका फाइलीला २ एमबीवर आणि एका वेळी पाठवलेल्या सगळ्या माहितीला (पोस्ट) ८ एमबीवर अडवतं. तिन्ही आकडे वाढवून सेवा रीस्टार्ट केल्यावर गाडी मार्गी लागते. हे इन्स्टॉल करतानाच ठळक सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

शेअरएक्सच्या एडिटरमधलं 'स्टेप' हे माझं लाडकं. क्लिक करत गेलं की १, २, ३ असे गोल आकडे उमटतात. "आधी एक दाबा, मग दोन" एवढं सांगितलं की शेठ खूश. जीएसटी नंबर झाकायला तेवढा भाग धूसर चौकोनांचा करणारं पिक्सलेटही आहे, आणि तो झाकाच, कारण लिंक हाती लागेल त्याला चित्र दिसतं. सेटिंगांचं जंगल मात्र भलतंच. नव्या माणसाचा तासभर त्यातच जातो.

शेअरएक्स फक्त विंडोजवर चालतं. लिनक्ससाठी एक्सबॅकबोन अपलोडची स्क्रिप्ट देतं. आकडे-बाणांसाठी तिथे फ्लेमशॉट हे स्क्रीनशॉटचं सॉफ्टवेअर घ्या.