पॉवर क्वेरीतून तारखांची आयात : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या देखभाल शुल्काचा हिशेब मी खजिनदार या नात्याने एक्सेलमध्ये ठेवतो. बँकेच्या संकेतस्थळावरून घेतलेली सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) पूर्वी मी थेट डबल क्लिक करून उघडत असे. माझ्या संगणकाचे प्रादेशिक सेटिंग अमेरिकी पद्धतीचे, म्हणजे आधी महिना आणि मग दिवस असे, राहून गेले होते. त्यामुळे एका ज्येष्ठ सभासदांनी ५ एप्रिल २०२४ रोजी भरलेली रक्कम ४ मे रोजी जमा झाल्याचे दिसले आणि त्यांच्या पुढच्या बिलात थकबाकीचे व्याज लागले. ते पासबुक घेऊन घरी आले, तेव्हा कुठे ही चूक उघडकीस आली. वेळेवर पैसे भरूनही त्यांना खुलासा करावा लागला, याचे मला आजही वाईट वाटते.

एक्सेल तारीख क्रमांकाच्या रूपात साठवते. ५ एप्रिल २०२४ म्हणजे ४५३८७ आणि ४ मे म्हणजे ४५४१६. २५/०४/२०२४ या नोंदीत पंचविसावा महिना संभवत नाही, म्हणून ती मजकूर म्हणून तशीच राहते आणि रकान्यात डावीकडे चिकटलेली दिसते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. दिवस १२ किंवा त्याहून कमी असेल, तर मात्र अदलाबदल काहीही सूचना न देता होते, आणि देखभाल शुल्क बहुतेक सभासद महिन्याच्या पहिल्या दहा-बारा दिवसांतच भरतात. नंतर रकान्याचे फॉरमॅट बदलूनही उपयोग होत नाही, कारण त्याने तारखेचे दिसणे बदलते, आत साठलेला क्रमांक बदलत नाही.

पॉवर क्वेरी ही बाहेरची माहिती आत घेण्यासाठी एक्सेलमध्येच असलेली सोय आहे, आणि तिचा खरा उपयोग इथे होतो. ‘डेटा’ टॅबमधून फाइल आत घेताना मी ‘ट्रान्सफॉर्म डेटा’ निवडतो आणि पॉवर क्वेरीने आपणहून घातलेली ‘चेंज्ड टाइप’ ही पायरी सर्वांत आधी काढून टाकतो. ती ठेवली, तर साधारणतः पहिल्या २०० ओळी पाहून रकान्याचा प्रकार ठरवला जातो, आणि त्या ओळींत १२ नंतरचा दिवसच आला नाही, तर अंदाज चुकतो. त्यानंतर तारखेच्या रकान्यावर ‘युजिंग लोकेल’मधून प्रकार ‘डेट’ आणि लोकेल, म्हणजे तारीख कोणत्या देशाच्या पद्धतीने वाचायची ते, भारतीय इंग्रजी असे ठरवतो. हे एकदा केले की पायऱ्या जतन राहतात. पुढच्या महिन्यात त्याच नावाची नवी फाइल त्याच फोल्डरमध्ये ठेवून ‘रिफ्रेश’ केले की पुरते. जी नोंद तारीख म्हणून वाचता येत नाही, तिथे ‘एरर’ असे स्पष्ट दिसते, आणि मला हा गुण सर्वांत मोलाचा वाटतो. मूळ सीएसव्ही फाइली मी जपून ठेवल्या होत्या, म्हणून जुन्या नोंदीही याच पद्धतीने पुन्हा आत घेता आल्या आणि चुकून लावलेले व्याज पुढच्या बिलात वजा करता आले.

तक्रारी अगदीच नाहीत असे नाही. आधीची पायरी काढायला विसरल्यास लोकेल बदलूनही चूक तशीच राहू शकते, आणि हे नवख्या माणसाच्या सहज लक्षात येत नाही. बँकेने रकान्याचे शीर्षक बदलले की क्वेरी अडते, पण चुकीचा आकडा निमूट पुढे जाण्यापेक्षा असे अडणे मला परवडते.

ज्यांना वर्षातून एक-दोनदाच फाइल आणायची आहे, त्यांनी एवढा खटाटोप करण्याची गरज नाही. लिब्रेऑफिस या एक्सेलसारखेच काम करणाऱ्या मोफत प्रणालीत सीएसव्ही उघडतानाच एक खिडकी येते आणि तिथे रकान्यासाठी दिवस-महिना-वर्ष हा क्रम निवडता येतो. आमच्या चिटणीसांना मी तोच मार्ग दाखवला आहे आणि त्यांचे काम त्यावर व्यवस्थित चालले आहे.