वेब्स्टर 1913 : काही महिन्यांच्या वापरानंतर

ईस्ट इंडिया कंपनीची पत्रं, जुनी गॅझेटिअरं किंवा जेन ऑस्टिन मुळातून वाचायची असेल, तर आजचा इंग्रजी कोश हाताशी ठेवून भागत नाही. तो शब्दाचा आजचा अर्थ सांगतो, आणि वाक्य तर दोनशे वर्षांपूर्वीचं असतं. 1913 चा 'वेब्स्टर्स रिव्हाइज्ड अनअब्रिज्ड' हा इंग्रजी-इंग्रजी कोश इथे खरोखर उपयोगी पडतो. स्वामित्वहक्क संपल्यामुळे तो फुकट आहे. साल 1913 असलं तरी गाभा 1890 च्या, नोआ पोर्टर यांनी संपादित केलेल्या कोशाचा आहे. म्हणजे भाषा एकोणिसाव्या शतकातलीच.

उतरवून घेताना एक गोष्ट आधी बघा. नुसता 1913 चा कोश वेगळा आणि 'जीसाइड' नावाची वाढवलेली आवृत्ती वेगळी. जीसाइडमध्ये वर्डनेट या आधुनिक संगणकीय शब्दकोशातले अलीकडचे अर्थ मिसळले आहेत. 1913 मध्ये 'कॉम्प्युटर' म्हणजे आकडेमोड करणारा माणूस; जीसाइडमध्ये त्याच नोंदीत यंत्रही येतं. प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी चौकटी कंसात उगम दिलेला असतो. तो न वाचता अर्थ उचलला, तर विसाव्या शतकातला अर्थ 1890 च्या नावावर खपतो. जुन्या मजकुरासाठी शक्यतो निखळ 1913 च घ्यावा.

संगणकावर कोश वाचायला गोल्डनडिक्ट हे सॉफ्टवेअर सगळ्यात सोयीचं. स्टारडिक्ट या फाइल-प्रकारातल्या कोशात आयएफओ, आयडीएक्स आणि डिक्ट डीझेड अशा तीन फाइली असतात. तिन्हींचं नाव एकच हवं आणि तिन्ही एकाच फोल्डरमध्ये हव्यात. डीझेड फाइल दाबून लहान केलेली असली तरी ती उघडून मोकळी करायची गरज नाही, गोल्डनडिक्ट ती तशीच वाचतं. मग कोशांच्या सेटिंगमध्ये फोल्डर जोडायचा आणि पुन्हा स्कॅन करायचं. यादीत कोश आलाच नाही, तर बहुतेक वेळा तीनपैकी एक फाइल राहिलेली असते किंवा नाव जुळत नसतं. त्याच सेटिंगमध्ये मॉर्फॉलॉजीसाठी, म्हणजे शब्दाच्या रूपावरून मूळ शब्द ओळखण्यासाठी, हनस्पेल या शुद्धलेखन-तपासनिसाच्या इंग्रजी फाइली जोडून घ्या. नाहीतर अनेकवचन किंवा भूतकाळाचं रूप टाकलं की नोंद सापडत नाही आणि शब्द कोशात नाहीच असं वाटतं.

आता खरा फायदा. राजापूरच्या इंग्रजांच्या 'फॅक्टरी'चा उल्लेख शिवकाळाच्या साधनांत वारंवार येतो. आजच्या अर्थाने वाचलं तर कारखाना डोळ्यांपुढे येतो. या कोशात 'फॅक्टरी'चा एक अर्थ स्पष्ट दिला आहे: फॅक्टर, म्हणजे मालकाच्या वतीने व्यापार करणारे गुमास्ते, जिथे राहून देवघेव करतात ती जागा. आपली वखार. पुढे 'रायटर' बघा. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला एका दर्जाचा कारकून, काही वर्षांच्या नोकरीनंतर फॅक्टर होणारा, असा अर्थ तिथे स्वतंत्र क्रमांकाने दिला आहे. पत्राखाली सही करणाऱ्यांची उतरंड या दोन नोंदींतून उलगडते.

सवय व्हायला वेळ लागतो तो अर्थांच्या क्रमाची. इथे जुना अर्थ आधी येतो, रुळलेला मागाहून. 'नाइस'च्या नोंदीत पहिला अर्थ मूर्ख, अडाणी, आणि त्यापुढे 'ऑब्स.' म्हणजे वापरातून गेलेला अशी खूण. मग अति चिकित्सक, नाजूक, बारीक फरक ओळखणारा, असं करत 'छान, आवडण्याजोगा' हा अर्थ शेवटाकडे येतो, आणि तोही सैल, बोलीतला वापर म्हणून. त्यामुळे पहिला क्रमांक उचलून पुढे जायचं नाही, 'ऑब्स.', 'आर्केइक' (जुनाट), 'कलोक.' (बोलीतला) या खुणा वाचत आपल्या वाक्याला बसणारा अर्थ शोधायचा. ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (1813) या कादंबरीत कॉलिन्स हा पाद्री आपली आश्रयदाती लेडी कॅथरिन हिच्या 'कंडिसेन्शन'ची तारीफ करतो. आज हा शब्द तुच्छतेचा वाटतो. कोशात अर्थ आहे आपला मोठेपणा बाजूला ठेवून खालच्यांशी सौजन्याने वागणं. कॉलिन्स मनापासून बोलतोय हे तेव्हा कळतं.

उणिवा आहेत. अवतरणाखाली 'शेक.' (शेक्सपिअर), 'ड्रायडन' असं लेखकाचं नाव एवढंच असतं, साल नाही, त्यामुळे अर्थ कधीपासून रूढ झाला हे कळत नाही. त्यासाठी ऑक्सफर्डचा मोठा इंग्रजी कोशच लागतो. त्याचा पहिला भाग 1884 मध्ये आणि शेवटचा 1928 मध्ये निघाला, आणि अवतरणं सालवार आहेत. आजची ऑनलाइन आवृत्ती वर्गणीची असली तरी जुने खंड इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. वेब्स्टरच्या काही डिजिटल प्रतींत ग्रीक शब्दांच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह दिसतं. तिथे छापील पानाचं स्कॅन बघावं. व्युत्पत्तीत संस्कृत रूपं येतात, 'माउस'शेजारी मूष, 'डोअर'शेजारी द्वार. मराठी वाचकाला ते सुखावतं, पण ही सगोत्र, म्हणजे एकाच मूळ भाषेतून आलेली, रूपं आहेत, इंग्रजीने संस्कृतातून घेतलेले शब्द नव्हेत.

अठराव्या शतकातल्या मजकुरासाठी जॉन्सनचा 1755 चा कोश घ्या. त्याच्या स्कॅनमध्ये शब्द शोधताना हमखास अडतं, कारण आय-जे आणि यू-व्ही एकाच क्रमात मिसळलेले आहेत, 'पब्लिक', 'म्युझिक' यांच्या शेवटी के आहे, आणि जुन्या छपाईतला लांब एस अक्षरं ओळखणाऱ्या यंत्राला एफ वाटतो. भारतातल्या इंग्रजांच्या बोलीत रुळलेल्या अँग्लो-इंडियन शब्दांना मात्र दोन्ही कोश अपुरे पडतात. तिथे यूल आणि बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' (1886, दुसरी आवृत्ती 1903) उघडावा, आणि मूळ शब्द मराठी असल्याची शंका आली तर मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ची आवृत्ती. ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर देवनागरीतून शोधता येते.