युद्धकाळातल्या गाड्यांच्या कारखान्यांचे जुने फोटो: एका मॉडेलवाल्याचा वापरानंतरचा अनुभव

मी लष्करी वाहनांची १/३५ स्केलची, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाएवढी, मॉडेलं बनवतो. मुलुंडच्या वन बीएचकेत, खिडकीखालच्या टेबलावर, बायकोच्या भाषेत 'पसारा मांडून'. गेले बरेच महिने रेफरन्ससाठी लढाईचे फोटो जवळजवळ बंद केलेत आणि दुसऱ्या महायुद्धातल्या कारखान्यांच्या फोटोंवर काम चाललंय. मुख्य वापर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधल्या एफएसए-ओडब्ल्यूआय संग्रहाचा, म्हणजे त्या काळच्या दोन सरकारी खात्यांनी काढून घेतलेल्या फोटोंचा. जोडीला विकिमीडिया कॉमन्सवरचे बुंडेसआर्काइव्हचे, म्हणजे जर्मन सरकारी अभिलेखागाराचे, फोटो आणि लंडनच्या इम्पीरिअल वॉर म्युझियमचा ऑनलाइन संग्रह. तिन्ही ठिकाणी बघायला पैसे पडत नाहीत, वेळ मात्र भरपूर जातो.

मत आधीच देऊन टाकतो. गाडी कशी बनलेली आहे हे कळायला याहून चांगलं साधन मला मिळालेलं नाही. ती बनवणारी माणसं कशी काम करत होती हे कळायला मात्र हेच फोटो फसवे आहेत.

आधी चांगली बाजू. लढाईच्या फोटोत गाडी चिखलाने माखलेली असते, अंगावर ताडपत्र्या, पोती, डबे, वर चार जवान बसलेले. पत्र्याचा जोड कुठे आहे ते दिसतच नाही. कारखान्यात तीच गाडी उघडी असते. अमेरिकन हाफट्रॅक घ्या, म्हणजे पुढे चाकं आणि मागे रणगाड्यासारखे पट्टे असलेली चिलखती गाडी. व्हाइट, ऑटोकार आणि डायमंड टी या तीन कंपन्यांच्या गाड्यांचं चिलखत बोल्टने जोडलेलं होतं. इंटरनॅशनल हार्वेस्टरने बनवलेल्या एम५ आणि एम९ या हाफट्रॅकचं वेल्ड केलेलं, आणि मागचे कोपरे गोल. पुस्तकात हे एका ओळीत संपतं. क्लीव्हलँडच्या व्हाइट मोटर कंपनीत डिसेंबर १९४१ मध्ये सरकारी फोटोग्राफर आल्फ्रेड पामरने काढलेले फोटो मोठे करून बघितले, की पाव इंची पत्र्यावर बोल्टांची रांग कुठून निघते, कोपऱ्यावर कशी वळते, दोन बोल्टांत अंतर किती, हे सगळं मोजता येतं. मी ते खरंच मोजलं. स्क्रीनवर पट्टी लावून, चाकाच्या व्यासाशी प्रमाण काढून.

दुसरं उदाहरण जास्त मजेचं. शर्मन या अमेरिकन रणगाड्याचा एम४ए४ हा प्रकार इतर शर्मनपेक्षा सुमारे ११ इंच लांब आहे, आणि त्याच्या बोगींमध्ये, म्हणजे चाकांच्या जोड्यांमध्ये, जास्त फट दिसते. किट जोडताना आपण सूचनेप्रमाणे बोगी चिकटवतो आणि पुढे जातो. क्रायस्लरचं ए५७ इंजिन क्रेनला टांगलेलं बघितल्यावर ती फट का आहे हे मला कळलं. हे इंजिन म्हणजे मोटारीची सहा सिलिंडरची पाच इंजिनं एकत्र बांधलेला गड्डा. एकूण तीस सिलिंडर. रणगाड्यांसाठी इंजिनं कमी पडत होती, मोटारीच्या इंजिनाची यंत्रसामग्री हाताशी होती, म्हणून केलेला जुगाड. जुगाड आपणच करतो असं समजणाऱ्यांनी तो फोटो जरूर बघावा. एवढं धूड मावावं म्हणून धडच लांबवलं, आणि धड लांबलं म्हणून बोगी लांब गेल्या.

हे रणगाडे डेट्रॉइटच्या बाहेर क्रायस्लरने चालवलेल्या डेट्रॉइट टँक आर्सेनलमध्ये बनायचे. इमारतीचा आराखडा वास्तुविशारद आल्बर्ट कानचा, १९४० मध्ये बांधायला घेतलेली, आणि युद्ध संपेपर्यंत तिथून २२ हजारांहून जास्त रणगाडे बाहेर पडले. सुरुवात एम३ 'ली' या रणगाड्यापासून झाली. हाच 'ली' आपल्याकडे इंफाळ-कोहिमाच्या लढाईत होता. त्याच्या सुरुवातीच्या गाड्या रिव्हेटने जोडलेल्या, आणि बाहेरून गोळा बसला की रिव्हेटचं डोकं आत उडून माणसाला लागायचं. मॉडेलवर शेकडो रिव्हेट एकेक करून बसवताना हे आठवतं आणि हात जरा सावकाश चालतो.

आता वापरायची पद्धत, कारण नवखा माणूस इथेच कंटाळून सोडून देतो. एकटा फोटो बघू नका. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या पानावर त्या फोटोच्या कॉल नंबरच्या आजूबाजूचे फोटो बघायची सोय आहे, ती वापरा. फोटोग्राफर एका कारखान्यात गेला की डझनावारी निगेटिव्ह काढायचा. गाजतो त्यातला एखादाच, ज्यात चेहरा छान आलाय. मॉडेलवाल्याच्या कामाचा त्याच्या शेजारचा असतो, ज्यात कामगार पाठमोरा आहे आणि गिअरबॉक्स समोर. कधी त्या शेजाऱ्याला धड शीर्षकही नसतं, त्यामुळे शोधून तो सापडणारच नाही. या संग्रहात सुमारे पावणेदोन लाख कृष्णधवल निगेटिव्ह आहेत. शेजार धरून चाललात तरच निभाव लागेल.

शोधताना स्पेलिंग बदलून बघा. त्या काळच्या लोकांनी हाफट्रॅकचं स्पेलिंग शेवटच्या 'के'शिवाय केलंय. आजच्या पद्धतीने टाइप केलंत तर पामरचे चांगले फोटो तुमच्यासमोर येणारच नाहीत. रणगाड्यांच्या नावातही एम आणि आकडा यांच्यामध्ये आडवी रेघ घालून बघा.

डाउनलोड करताना टिफ फाइल घ्या. जेपेग मोबाइलवर बघायला ठीक, पण बोल्ट मोजायला टिफच लागते. मोठ्या निगेटिव्हच्या फाइल जड असतात, एक्स्टर्नल हार्ड डिस्क आधी घेऊन ठेवा. मी लॅमिंग्टन रोडवरून घेतली, तीही आता भरत आलीय. ए३ प्रिंट काढायची असेल तर मॅट कागदावर काढा. ग्लॉसीवर टेबलाच्या दिव्याची तिरीप येते आणि नेमका हवा तो कोपरा दिसत नाही.

आता फसवी बाजू. आमच्या मजल्यावर एक काका आहेत, कुर्ल्याच्या मोटार कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झालेले. एकदा प्रिंट टेबलावर पसरलेल्या असताना ते चहाला आले. चष्मा वर करून एक फोटो बघितला. रणगाड्याच्या बोगीशी वाकलेला तरुण कामगार, चेहऱ्यावर एका बाजूने झक्क प्रकाश.

"हा काय करतोय म्हणे?"

"नट आवळतोय, काका."

"कुठला नट? पाना नटावर बसलेलाच नाहीये बघ. आणि असा अंगठा ठेवून कोण आवळतं? पाना सटकला तर अंगठा जाईल. त्याला कुणीतरी सांगितलंय, हात असा धर, मान इकडे कर."

नंतर त्यांनी अख्खा गठ्ठा चाळला आणि तासभर माझी शाळा घेतली. या बाईच्या नखांना ग्रीस नाही. या माणसाच्या पायाशी एकही वॉशर पडलेला नाही, म्हणजे आधी झाडून घेतलंय. हा मात्र खरा, कारण त्याचा चष्मा घसरलाय आणि तो वर करायला त्याचा हात मोकळा नाही. तेव्हापासून मी फोटोंचे दोन गठ्ठे करतो. गाडीसाठी दोन्ही चालतात. डायोरामात, म्हणजे मॉडेलभोवती उभारलेल्या देखाव्यात, माणसं बसवायची असतील तर फक्त दुसरा, ज्यात कुणाचं कॅमेऱ्याकडे लक्ष नाही. तो गठ्ठा फारच बारीक आहे.

यात फोटोग्राफरला दोष द्यावासा मला वाटत नाही. पामर काही चोरून फोटो काढत नव्हता, सरकारसाठी काढत होता, आणि लोकांना उभारी यावी हेच त्याचं काम होतं. सिनेमासारखे दिवे लावून तो एकेक चौकट बसवायचा, आणि त्याच दिव्यांमुळे आज आपल्याला सावलीतला बोल्टसुद्धा दिसतो. त्याचाच दिखाऊपणा माझ्या कामाला आला म्हणा ना.

फोटोखालच्या ओळींवरही विसंबू नका. 'मध्य-पश्चिमेतल्या एका मोठ्या कारखान्यात' असल्या मोघम ओळी तिथे पुष्कळ दिसतात. कारखान्याचं नाव बऱ्याचदा शेवटी, वेगळं जोडल्यासारखं येतं. गाडीचा प्रकारही कॅप्शनवरून नाही, डोळ्यांनी ठरवा.

बुंडेसआर्काइव्हने तर स्वतःच सांगून ठेवलंय, की मूळ ओळी तशाच ठेवल्यात, त्या चुकीच्या किंवा एकतर्फी असू शकतात. २००८ च्या डिसेंबरात त्यांनी फोटोंचा मोठा साठा कॉमन्सवर दिला, आणि त्यात कासेलच्या हेन्शेल कारखान्यात जर्मन टायगर रणगाडे जोडले जातानाचे फोटो आहेत. टायगर एकूण साडेतेराशेच्या आसपासच बनले. अमेरिकन फोटोंच्या शेजारी हे ठेवले की फरक डोळ्यांत भरतो. तिकडे रांग, इकडे एकेका धुडाभोवती जमलेली माणसं. टायगरच्या चाकांची एकमेकांत शिरलेली रचना समजून घ्यायला यांना तोड नाही. पण हेन्शेलमध्ये सक्तीने आणलेले मजूरही राबत होते, आणि फोटोंच्या ओळी त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. ते माहीत ठेवून बघा. मी टायगर बनवला, त्याच्याभोवती हसरे कामगार मात्र उभे केले नाहीत.

रंगाबद्दल थोडक्यात. कृष्णधवल फोटोवरून ऑलिव्ह ड्रॅबची, म्हणजे अमेरिकन लष्करी हिरवट रंगाची, छटा ठरवणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलंय. एफएसए-ओडब्ल्यूआय संग्रहातच सुमारे १६०० रंगीत पारदर्शिका आहेत. त्यातल्या फोर्ट नॉक्स या अमेरिकन लष्करी तळावरच्या १९४२ च्या कोडाक्रोम, म्हणजे रंगीत फिल्मवरच्या पारदर्शिका, बघा, पण त्याही उन्हातल्या आहेत हे लक्षात ठेवा. बाकी आपल्या डोळ्याला पटेल तो रंग.

आता माझी खरी रुखरुख. हा सगळा खटाटोप मी सुरू केला तो इंडियन पॅटर्न कॅरिअरसाठी. चार चाकांची छोटी चिलखती गाडी. चासी कॅनडाची, चिलखताचा पत्रा जमशेदपूरच्या टाटांच्या पोलाद कारखान्याचा. तिला टाटानगर असंही म्हणत. चार हजारांहून जास्त बनल्या, आणि भारतीय पलटणींनी त्या आफ्रिका, इटलीपासून ब्रह्मदेशापर्यंत वापरल्या. रणांगणावरचे तिचे फोटो इम्पीरिअल वॉर म्युझियमकडे मिळतात. बनतानाचा, आतून उघडी दिसेल असा एकही फोटो मला अजून मिळालेला नाही. मुंबईचंही तसंच. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये इथे शिवडीला मोटारी जोडायला सुरुवात केली, फोर्डही इथे होती, युद्धात कॅनडाहून खोक्यांतून आलेल्या सुट्या भागांचे ट्रक याच शहरात उभे राहिले. शिवडीला पुलावरून जाताना मी दर वेळी खाली बघतो. फोटो मात्र डेट्रॉइटचे ढिगाने आणि शिवडीचे हाताच्या बोटांवर.

मग आडवाटेने गेलो. कॅनडाने युद्धकाळात आठ लाखांहून जास्त लष्करी वाहनं बनवली. फोर्डचा कारखाना विंडसरला, जनरल मोटर्सचा ओशावाला. दोघांनी एकाच नमुन्यावर जे आखूड नाकाचे सीएमपी (कॅनेडियन मिलिटरी पॅटर्न) ट्रक काढले, त्यांच्याच घराण्यातली चासी आपल्या कॅरिअरखाली आहे. त्यामुळे कॅनडातल्या कारखान्यांचे फोटो घेऊन कॅरिअरचा खालचा अर्धा भाग मी बराचसा खात्रीने बनवू शकलो. अ‍ॅक्सल, स्प्रिंगांच्या पट्ट्या, ट्रान्सफर केस, सगळं. वरचा अर्धा प्लास्टिकार्ड, म्हणजे पातळ प्लास्टिकचा पत्रा, कापून, रणांगणावरच्या फोटोंवरून. आतली बसायची जागा सध्या रिकामीच ठेवलीय. अंदाजाने काहीतरी बसवून झाकण लावण्यापेक्षा ते बरं. एका दुकानदाराने मला 'दुर्मिळ भारतीय फोटो' म्हणून एक प्रिंट चांगल्या किमतीला विकायचा प्रयत्न केला होता. तो कॉमन्सवर फुकट होता, आणि भारतातला नव्हताच. विकत घेण्याआधी उलटा इमेज सर्च करत जा.

ज्यांना खरं लोखंड बघायचंय त्यांनी नगरचं रणगाडा संग्रहालय करावं. मुंबईहून पहाटे निघालं तर एका दिवसात होतं. आधी फोटो बघून जा. मोबाइलमध्ये बोगीचा, जोडाचा, रिव्हेटच्या रांगेचा क्लोजअप ठेवा आणि समोरच्या गाडीशी ताडून बघा, मग मार्गदर्शकाला काय विचारायचं ते आपोआप सुचतं.

नवीन सुरुवात करणाऱ्याने थेट पामरच्या हाफट्रॅकपासून करावी. गाडी सोपी, फोटो भरपूर, आणि किट सहज मिळतं. टायगरच्या चाकांत पहिल्याच झटक्यात हात घालू नका. आणि कुणाच्या घरी आजोबांच्या ट्रंकेत शिवडीच्या कारखान्यातला एखादा ग्रुप फोटो असेल, ज्यात मागे ट्रकचा नुसता सांगाडा जरी दिसत असेल, तर तो सहाशे डीपीआयला स्कॅन करून ठेवा आणि मागच्या बाजूला लिहिलेलंही स्कॅन करा. लॅमिनेट करू नका.